कपाट पुसताना सापडलेले पुस्तक
(विज्ञानकथेच्या वाचकासंबंधी काही विचार)

मराठी समीक्षेने लेखकाचा पुष्कळ विचार केला, कलाकृतीचा त्याहून अधिक केला. वाचक मात्र तिने एक सभ्य गृहस्थ म्हणून गृहीतच धरला. हा गृहस्थ पुस्तकांच्या घरात वाढलेला असतो. वडिलांनी त्याला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाढदिवसाला दिलेला असतो, मामाने मे महिन्याच्या सुटीत वाचनालयात नाव घालून दिलेले असते. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांची गोडी कशी लागली याबद्दल मराठीत जे आठवणीवजा लेखन होते, त्यात हा गृहस्थ हटकून भेटतो. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' आपण कोणत्या खिडकीशी बसून वाचले हे तो मोठ्या प्रेमाने सांगतो. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्याची आठवण 'मराठी वाचकाची आठवण' म्हणून छापली जाते, तेव्हा मला माझी सांगणे भाग पडते.

२००३ साली मी सातवीत होतो. आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने मी तालुक्याच्या वसतिगृहात. शाळेजवळ एक सार्वजनिक वाचनालय होते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, त्यात सगळ्यांत खालचे. म्हणजे ग्रंथालयांतही चार वर्ग, आणि आम्ही चौथ्याच्या दारात. तपासणी येणार म्हणून तिथल्या कारकुनाने एका शनिवारी वसतिगृहातली दोन पोरे कपाटे पुसायला मागवली. दोघे कोण निवडले गेले आणि का, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. एका कुलपाच्या कपाटात 'विज्ञान' अशी चिठ्ठी लावून शेतीची, आरोग्याची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके कोंबली होती. त्यांच्यात जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' होते. ज्याने चिठ्ठी लावली त्याने पुस्तक उघडलेले नव्हते, हे उघड आहे. नाहीतर ते कथासंग्रहांत गेले असते आणि माझ्या हाती कधीच आले नसते. हे पुस्तक मला वाचायला मिळाले नाही, पुसायला मिळाले.

स्टुलावर उभा राहून मी 'कृष्णविवर' वाचायला लागलो. अर्धे कळले नाही. जे कळले त्याने मात्र पायाखालचे स्टूल हलले. काळ सगळ्यांचा सारखा नसतो, एकाची काही वर्षे ती दुसऱ्याचे आयुष्य असू शकते, हे मी प्रथमच वाचत होतो. घरी नेता येईना, कारण अनामत भरायला पैसे नव्हते. पुढचे चार शनिवार मी आपण होऊन कपाटे पुसायला गेलो. कारकून खूश झाला. पोरगं कामसू आहे, असे त्याने वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगितले. त्या वाचनालयाची कपाटे इतकी स्वच्छ पुन्हा कधी झाली नसतील.

पुढे महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर मला 'कृष्णविवर'च्या जन्माची हकीकत समजली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा-स्पर्धा ठेवली, तिच्यासाठी नारळीकरांनी ही कथा पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले, ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी फिरवली. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हकीकत मराठीत कौतुकाने सांगितली जाते आणि ती कौतुकाचीच आहे. केंब्रिजला नाव मिळवलेल्या शास्त्रज्ञाने नवख्याच्या रांगेत उभे राहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु ही हकीकत मी वाचली तेव्हा मला आधी आठवला तो बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह. नाव झाकण्याचे हे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहावेत. एकाला आपले नाव फार जड म्हणून ते खाली ठेवायचे असते. दुसऱ्याला आपले नाव सांगितले की खोली मिळत नाही, पाणी मिळत नाही, म्हणून ते गिळायचे असते. एकाने नाव उघड केले तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्याचे उघड होते तेव्हा काठ्या पडतात. गुणवत्ता निनावी असावी हे तत्त्व दोघांच्याही बाजूचे आहे. ते उपभोगण्याची सोय मात्र एकाचीच आहे. यात नारळीकरांचा काही दोष नाही. दोष आहे तो या हकीकतीकडे फक्त नम्रतेचा नमुना म्हणून पाहणाऱ्या आपल्या वाङ्मयव्यवहाराचा. आडनाव कोरे असू शकते, अशी त्याची समजूत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'यक्षांची देणगी'मध्येच 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच जगात जाऊन पोहोचतात. त्या जगात १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून गेली. मराठे पानिपत जिंकले. इंग्रजांची कंपनी किनाऱ्यावरच्या थोड्या मुलखात अडकून पडली. पेशव्यांनी नव्या यंत्रविद्येचे महत्त्व ओळखले आणि पुढे देश आपल्या पायांनी लोकशाहीकडे गेला. रचना देखणी आहे. एका गोळीच्या दोन वाटा, त्यांतून दोन जगे, आणि त्यामागे आधुनिक भौतिकशास्त्राचा आधार. मराठीत असे कोणी केले नव्हते. इंग्रजी रूपात ही कथा पुढे अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातही गेली.

ही कथा मी दोन-तीन वर्षांपूर्वी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला शिकवत होतो. मी समांतर विश्वाची कल्पना फळ्यावर रेघा मारून समजावत होतो, आणि खरे सांगायचे तर स्वतःवर थोडा खूशही होतो. तिसऱ्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पानिपत जिंकलं असतं तर मी या वर्गात असते का?"

मी विशीपासून ही कथा वाचत आलो आहे. एम. ए. ला तिच्यावर निबंध लिहिला, त्याला चांगले गुण मिळाले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ही कबुली देताना मला लाज वाटते. ज्या कथेत पेशवाई बुडत नाही, त्या कथेत १ जानेवारी १८१८ येत नाही. कोरेगावचा स्तंभ उभा राहत नाही. पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. कथेतल्या त्या जगात ते मडके कोणत्या साली फुटले? कोणी फोडले? कथा या बाजूला पाहतच नाही. पेशव्यांना प्रयोगशाळा काढण्याची बुद्धी झाली एवढे ती सांगते. प्रयोगशाळेच्या दारात कोणाला थांबवले जाई हे तिला विचारावेसे वाटत नाही. लेखकाला कळवळा नाही म्हणून हे झाले असे मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यापुढचा वाचक तोच सभ्य गृहस्थ आहे, आणि त्या गृहस्थाला पानिपतची हार ही घरातल्या मृत्यूसारखी आहे. तो मृत्यू टळला तर काय, एवढेच त्याचे स्वप्न. माझ्या वर्गातल्या मुलीच्या घरात पानिपतचे सुतक नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुक्ता साळवेचा निबंध नेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग मुलगी. चौदा वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराची बाजीरावाच्या राज्यात काय गत होई हे तिने लिहून ठेवले आहे. आमच्यापैकी कोणी लिहायला-वाचायला शिकल्याचे बाजीरावाला कळले असते तर तो किती खवळला असता, हेही लिहिले आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याहून लहान मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले होते. मला ते माहीतही होते. फक्त मी ते 'दलित साहित्य' या कप्प्यात ठेवले होते आणि नारळीकर 'विज्ञान' या कप्प्यात. त्या कारकुनाच्या चिठ्ठ्या मी अजून डोक्यात बाळगून होतो, दुसरे काय!

नारळीकरांवर मी एकतर्फी लिहितो आहे असे कोणास वाटू नये. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा माझ्यासारख्या किती तरी जणांना आपला एक मास्तर गेल्यासारखे वाटले. फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी दाभोलकरांना बरोबर घेऊन करणारा हा माणूस होता. विज्ञानवादी म्हणवून घ्यायचे आणि मुहूर्त पाहून यान सोडायचे, हा दुटप्पीपणा त्यांच्यात नव्हता. शिवाय त्यांच्याच लेखनात एक गंमत आहे. 'वामन परत न आला' या कादंबरीत गाडल्या गेलेल्या एका प्राचीन संस्कृतीच्या ठेव्यातून मिळालेल्या ज्ञानाने एक यंत्रमानव बनवला जातो. त्याचे नाव वामन. तो आपल्यासारखे आणखी वामन घडवू पाहतो, आणि ते साधले तर माणसाचे राज्य संपणार असते. पुराण ऐकून वाढलेल्या वाचकाला इथे थोडा धक्का बसतो, कारण त्याच्या लेखी वामन हा देव आणि त्याचे मागणे ही लीला. आमच्याकडच्या वाचकाला काहीच धक्का बसत नाही. वामन लहान होऊन दारात येतो आणि तीन पावलांत सगळे गिळतो, हे फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त सांगितलेच आहे. लेखकाच्या मनात फुले होते की नव्हते याच्याशी मला कर्तव्य नाही. पुस्तक वाचकाच्या हाती गेले की त्याच्या घरातल्या गोष्टींशी ते बोलू लागते, आणि आमच्या घरात बळीराजा आहे.

मला तर वाटते, 'गुलामगिरी' हेच पुष्कळांच्या आयुष्यातले पहिले अद्भुतविरोधी अद्भुत पुस्तक आहे. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह असा एकेक अवतार धोंडिबा पुढे करतो आणि जोतीराव त्याचा इतिहास करून दाखवतात. पुराणाला मागून पुढे वाचण्याची ही रीत ज्याला एकदा सापडली, त्याला समांतर जगाची कल्पना फळ्यावर रेघा मारून समजवावी लागत नाही.

भयकथेचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण खेड्यापाड्यांतला वाचक विज्ञानकथेच्या आधी नारायण धारपांपाशी पोहोचतो. बस स्टँडवरची जुनी पुस्तके, रद्दीतले दिवाळी अंक, हातोहात फिरून कोपरे झडलेल्या कादंबऱ्या. मीही धारप भरपूर वाचले, रात्री लघवीला उठायची भीती वाटेपर्यंत वाचले. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. मराठी भयकथेतले भय बहुधा वाड्यात असते, नाहीतर गावाच्या वेशीबाहेर असते. दिवेलागणीनंतर नायक वेस ओलांडतो, मागचे दिवे दिसेनासे होतात, स्मशानाची वाट लागते, आणि कथेला रंग चढतो. आमचे घर वेशीबाहेर. आमची आई त्या वाटेने रोज सरपण घेऊन यायची. त्यांची भयकथा जिथे सुरू होते तिथे आमची चूल पेटलेली असते. आम्हांला भय वाटे ते उलट दिशेने जाताना, वेशीच्या आत शिरताना. त्या भयाची कादंबरी धारपांनी लिहिली नाही. ती लिहायला आपल्याला 'बलुतं'ची वाट पाहावी लागली. भुतांनाही जाती आहेतच. मुंज झालेला पोर मेला की मुंजा होतो, ब्राह्मण मेला की ब्रह्मसमंध. मेल्यावरही ज्यांचा वर्ण सुटला नाही त्यांच्या गोष्टी आम्ही कंदील बारीक करून वाचत होतो.

चळवळीतल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना मी हे सारे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "सर, ही चैन आहे. अजून गटारात माणसं मरतायत, आणि तुम्ही पोरांना ग्रहगोलांच्या गोष्टी काय सांगता?" त्यांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेणार नाही. पलायनवाद हा शब्द आपल्याकडे उगाच आला नाही. ज्यांनी वास्तव झाकण्यासाठी कल्पनेचा उपयोग केला त्यांच्याविरुद्ध तो आला. 'भोगले तेच लिहू' ही आपल्या साहित्याची प्रतिज्ञा होती आणि तिने मराठीचा चेहरा बदलला. १९७८ ला 'बलुतं', १९८० ला 'उपरा', १९८४ ला 'अक्करमाशी'. या पुस्तकांवाचून मी माझ्या बापाकडे मान वर करून पाहू शकलो नसतो.

तरी मला त्यांना विचारायचे आहे, गटारात उतरणाऱ्या माणसाने एच. जी. वेल्सचे 'टाइम मशीन' वाचले तर त्याला काय दिसेल? १८९५ चे पुस्तक आहे. दूरच्या भविष्यात माणसाच्या दोन जाती झालेल्या आहेत. वर उजेडात खेळणारे नाजूक एलॉय आणि खाली भुयारांत यंत्रे चालवणारे मॉरलॉक. वेल्सने धास्ती घेतली ती खालच्यांची. मी हे वर्गात सांगितले तेव्हा नगरपालिकेत सफाईचे काम करणाऱ्याचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, खाली उतरायला त्यांना कुणी सांगितलं होतं, ते आधी सांगा." मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. वेल्सला आठ लाख वर्षे लागली; आपल्याकडे ते आधीच होऊन गेलेले आहे. याला पळून जाणे म्हणावे काय?

आणि आणखी एक. 'भोगले तेच लिहा' ही आपली प्रतिज्ञा होती, तिची प्रस्थापितांनी हळूहळू अट करून टाकली. तुम्ही वेदना आणा, कल्पना आम्ही आणतो. तुम्ही काल काय झाले ते सांगा, उद्या काय होईल ते आम्ही सांगू. आमच्या पोरांकडून कथास्पर्धेतसुद्धा उपासमारच मागितली जाते. अशाने भविष्यकाळ ही एका वर्गाची मिरास होते, आणि आपण ती लिहून दिल्यासारखे होते.

१९७२ ला पँथर उभी राहिली तेव्हापासून आपण काळ्या अमेरिकेकडे भावकीच्या नात्याने पाहत आलो. ज्याला तेव्हा निग्रो साहित्य म्हणत त्यातले रिचर्ड राइट, बाल्डविन, लँगस्टन ह्यूज आपल्या लेखांतून आले. ऑक्टेव्हिया बटलर मात्र आली नाही. १९४७ चा तिचा जन्म. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करी, मागच्या दाराने आत जाई, आणि त्या घरांनी टाकून दिलेली पुस्तके मुलीसाठी घरी आणी. मुलीने 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स' नावाचा एक सुमार चित्रपट पाहिला आणि याहून बरे मी लिहीन असे ठरवले. विज्ञानकथेकडे ती अशी आली. हे वाचले तेव्हा मला माझे स्टूल आठवले. तिच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीत १९७६ सालातली एक काळी लेखिका पुनःपुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. कसे, याचा खुलासा नाही. यंत्र नाही, सूत्र नाही. खेचली जाते एवढेच. आधीच्या पिढीने एवढे सोसले कसे, ती लाचार होती काय, असा तरुणांचा उद्धट प्रश्न तिच्या मनात होता. आपल्या पोरांनाही तो पडतो. आजा जोहार का घालत होता? आत्मकथन आजाच्या तोंडून उत्तर देते. बटलर नातीलाच तिथे नेऊन उभी करते आणि म्हणते, आता तू काय करतेस बघू. सॅम्युअल डेलनीची 'नोव्हा' ही कादंबरी क्रमशः छापायला एका नामांकित संपादकाने नकार दिला, कारण काळा नायक वाचकांना आपला वाटणार नाही. तोच गृहीत धरलेला वाचक! तो अमेरिकेतही आहे तर.

रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला लिहून ठेवलेल्या पत्रात आपल्याला विज्ञानाचा लेखक व्हायचे होते, कार्ल सेगनसारखा, असे म्हटले आहे. त्या पत्रावर आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. पण या एका वाक्यावर आपल्या नियतकालिकांतून किती लिहिले गेले? मी माझे जुने अंक चाळून पाहिले. मीही लिहिलेले नाही.

माझे विद्यार्थी आता अद्भुताकडे पुस्तकातून येतच नाहीत. हिंदीत भाषांतरित केलेल्या परदेशी चित्रपटांतून आणि मोबाइलवरून येतात. त्याचे मला दुःख नाही. हॅरी पॉटर मराठीत आला आहे, तो दोघा-तिघांनी वाचला होता. शुद्ध रक्ताचे जादूगार आणि बाकीचे, ही त्यातली वाटणी त्यांना शिकवावी लागली नाही. एकीने तर सांगितले की हर्मायनी ही पहिल्या पिढीतली विद्यार्थिनी आहे, घरी विचारायला कोणी नाही म्हणून ती सगळी पुस्तके आधीच पाठ करून येते. मी स्वतः तशीच पुस्तके पाठ करून पदवीपर्यंत आलो. हे निरीक्षण मला कोणत्याही समीक्षाग्रंथात मिळाले नसते.

पानिपतचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी म्हटले, तूच लिही. दोन आठवड्यांनी तिने वहीची अडीच पाने आणून दिली. नारळीकरांच्या कथेत गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात थेट ग्रंथालयात जाऊन बसतात, बखर मागवतात, आणि तू कोण म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. ती बखर चुकून त्यांच्या खिशात राहते. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत ते रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीसाठी व्यासपीठावर चढतात, गोंधळ होतो, बखर तिथेच हरवते आणि आपल्या जगात परत येताना त्यांच्यापाशी फक्त एक फाटलेले पान उरते. नारळीकरांची गोष्ट त्या पानामागे जाते. मुलीची गोष्ट मैदानावर थांबते. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदान झाडणारी बाई येते. तिला धुळीत एक पान नसलेले पुस्तक सापडते. ती ते झटकते, पदराने पुसते आणि उघडते.

तिथे गोष्ट तुटली होती. पुढे का नाही लिहिले, मी विचारले. ती म्हणाली, "सर, त्या जगात ती वाचायला कुठं शिकली असेल, तेच अजून ठरत नाही."